जुन्या ॲम्प्लिफायरची सर्व्हिसिंग: पैसे कुठे गेले, आवाजात काय आलं

माझ्या ॲम्प्लिफायरचा डावा चॅनल हळू आवाजात दगा द्यायला लागला. रात्री बारीक आवाजात काही लावलं की डावा स्पीकर आधी खरखरायचा, मग पुसट व्हायचा, मग गप्प. आवाज जरा मोठा केला की फट्कन परत यायचा, आणि नंतर कमी केला तरी काही वेळ टिकायचा. ॲम्प वीस वर्षांहून जुना, क्लास एबी, चॅनलमागे ८० वॉटचा. घेतला तेव्हा माझ्या ऐपतीच्या मानाने महागच होता. त्यामुळे प्रश्न नुसत्या दुरुस्तीचा राहिला नाही. याच्यावर पुन्हा पैसे घालावेत, की त्यात भर टाकून नवा घ्यावा, आणि मुळात हाय-फायच्या या वरच्या पायरीवर पैसे घालण्यात किती अर्थ आहे, हे सगळं एकदमच समोर आलं. मी ते जमेल तितकं मोजून पाहिलं, त्याची ही हकिकत.

दोष नेमका कुठे आहे हे दुरुस्तीला नेण्याआधी घरीच बघता येतं, आणि बघावंच. ॲम्प बंद करून त्याच्या मागच्या स्पीकरच्या वायरी डाव्या-उजव्या अदलाबदल केल्या. आता उजवा स्पीकर गप्प व्हायला लागला, म्हणजे स्पीकर निर्दोष. वायरी पूर्ववत करून सीडी प्लेअरकडून येणाऱ्या दोन केबली उलटसुलट जोडल्या. दोष डावीकडेच राहिला. प्लेअर सुटला, केबली सुटल्या, उरला ॲम्प. हळू आवाजात गायब आणि मोठ्या आवाजात हजर, हे लक्षण बहुतेक वेळा स्पीकरच्या रिलेचं असतं. ॲम्प चालू केल्यावर काही सेकंदांनी आतून ‘टिक’ असा आवाज येतो तो याच रिलेचा. ॲम्पमध्ये बिघाड होऊन स्पीकरकडे डीसी व्होल्टेज जायला लागलं तर जोडणी तोडून स्पीकर वाचवणं हे त्याचं काम. वर्षानुवर्षांच्या वापराने त्याच्या संपर्कबिंदूंवर ऑक्साइडचा पातळ थर चढतो. क्षीण सिग्नल त्या थराला अडतो. जोरकस सिग्नल तो फोडून जातो. रिले ही ॲम्पमधल्या स्वस्त वस्तूंपैकी एक. बदलायला अर्धा-पाऊण तास पुरतो.

एवढं समजून मी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेले. तिथे तपासणीचे पैसे आधी भरून घेतले आणि नंतर अंदाजपत्रक हातात दिलं. त्यात रिले होता, पण तो शेवटून दुसरा. वर होतं ते असं: सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (विजेचा साठा करणारे भाग) ‘ऑडिओ ग्रेड’ घालून बदलणे, इनपुटच्या ऑपॲम्प (सिग्नल वाढवणाऱ्या) चिप बदलणे, मागचे सॉकेट सोन्याचा मुलामा दिलेले बसवणे, आतलं वायरिंग नवीन. बेरीज त्याच ताकदीच्या नव्या ॲम्पच्या निम्म्याहून जास्त. मी विचारलं, आत्ता कुठला कपॅसिटर किती भरतोय? मोजलं आहे का? समोरच्या गृहस्थांनी शांतपणे सांगितलं, “मॅडम, वीस वर्षं झाली की सगळेच बदलतात.” तपासणीच्या कागदावर एकच शेरा होता: डावा चॅनल अधूनमधून बंद. ते तर मीच त्यांना सांगितलं होतं.

‘वीस वर्षं झाली की सगळेच’ हे वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून ते समजून घेण्यात मी बराच वेळ घातला. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आत द्रव असतो आणि तो उष्णतेने हळूहळू सुकतो. कपॅसिटरवर त्याचं आयुष्य तासांत आणि तापमानात दिलेलं असतं, उदाहरणार्थ ८५ अंश सेल्सिअसला २००० तास. हे वाचून माणूस घाबरतो. पण ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी कमी झालं की आयुष्य दुप्पट होतं. तोच कपॅसिटर ६५ अंशांवर राहिला तर ८००० तास, ५५ वर १६,००० तास, ४५ वर ३२,००० तास. रोज तीन तास ऐकलं तर वर्षाचे साधारण ११०० तास होतात. म्हणजे गरम रेझिस्टरला चिकटून बसलेला कपॅसिटर सात-आठ वर्षांत थकेल, आणि त्याच पेटीत हवेशीर कोपऱ्यातला त्याचा भाऊ तीस वर्षं काढेल. वयाचा आकडा पेटीला असतो. झीज मात्र प्रत्येक भागाची आपापल्या जागेप्रमाणे होते. फिल्म कपॅसिटरमध्ये तर सुकायला द्रवच नसतो. ते सरसकट काढून महागडे घालण्याला दुरुस्ती म्हणता येत नाही, ती फक्त हौस आहे.

ॲम्प परत आणला आणि एकट्याने काम करणाऱ्या एका तंत्रज्ञांकडे नेला. त्यांच्याकडे जाण्याचं कारण एकच होतं. फोनवर त्यांनी किंमत सांगितली नाही, उलट विचारलं, “सर्व्हिस मॅन्युअल आहे का तुमच्याकडे? नसेल तर मी शोधतो, त्याशिवाय हात लावत नाही.” माझ्या ॲम्पचं मॅन्युअल मिळतं. पूर्ण सर्किट डायग्राम, कुठल्या टेस्ट पॉइंटवर किती व्होल्टेज हवं, बायस किती ठेवायचा, सगळं त्यात छापलेलं आहे. त्या वेळी मला ते नेहमीचंच वाटलं होतं. ते नेहमीचं नाही हे नंतर कळलं.

समोर बसायची परवानगी मिळाली, म्हणून प्रत्येक पायरी बघता आली. झाकण काढल्यावर त्यांनी आधी मुख्य कपॅसिटर एका रेझिस्टरमधून रिकामे केले. वीज काढल्यानंतरही त्यांत दुखापत करण्याइतका साठा राहू शकतो, म्हणून हे झाकण हौसेने उघडू नये. मग ब्रशने धूळ काढली आणि भिंगातून सोल्डरचा एकेक सांधा पाहिला. पॉवर सप्लायच्या दोन गरम रेझिस्टरांच्या पायांभोवती बारीक गोल भेगा होत्या. गरम-थंड होत राहिल्याने पाय आणि सोल्डर सुटे होतात. याला ड्राय सोल्डर म्हणतात. जुन्या उपकरणांचे कितीतरी ‘गूढ’ दोष एवढ्यावरच असतात. तिथे जुनं सोल्डर काढून नवीन घातलं. यात सुटा भाग एकही लागला नाही, फक्त नजर लागली.

त्यानंतर ॲम्पला थेट वीज न देता मध्ये एक पिवळा जुना बल्ब सिरीजमध्ये लावून दिली. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटतो आणि ॲम्प वाचतो. आमचा बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, म्हणजे मोठा बिघाड नाही. मग स्पीकरच्या जागी ८ ओहमचे जाडजूड रेझिस्टर जोडले आणि मोजमाप सुरू झालं. स्पीकरच्या टोकांवरचा डीसी ऑफसेट, म्हणजे सिग्नल नसतानाही तिथे उरणारं व्होल्टेज, उजवीकडे ७ मिलिव्होल्ट, डावीकडे ३८. हा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ३८ ने स्पीकर जळत नाही, पण दोन चॅनलमध्ये एवढी तफावत का, हा प्रश्न उभा राहतो. बायस, म्हणजे सिग्नल नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरांतून वाहत ठेवायचा थोडासा करंट. तो ०.२२ ओहमच्या एमिटर रेझिस्टरांवर मिलिव्होल्टमध्ये मोजतात. मॅन्युअलप्रमाणे ११ हवा होता. उजवीकडे १० भरला, डावीकडे ४.

हा ४ चा आकडा मला पूर्ण प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. क्लास एबीमध्ये लाटेचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो आणि खालचा दुसरा. बायस कमी पडला की एकाने सोडायच्या आणि दुसऱ्याने धरायच्या क्षणी मध्ये खाच पडते. मोठ्या आवाजात ती दडून जाते, पण हळू आवाजात सिग्नलच लहान असल्याने खाचेचा वाटा मोठा होतो. १ वॉटला डाव्या चॅनलचं डिस्टॉर्शन, म्हणजे सिग्नलची मोडतोड, ०.०९ टक्के भरलं आणि उजव्याचं ०.०२. अंदाजपत्रकातल्या सोन्याच्या सॉकेटांनी यात काडीचाही फरक पडला नसता. नवे महागडे कपॅसिटर घालून बायस पुन्हा लावला नसता तर ही खाच तशीच राहिली असती, आणि मी नव्या आवाजाचं कौतुक करत बसले असते.

कपॅसिटरही प्रत्यक्ष मोजले. पॉवर सप्लायचे दोन मोठे, १०,००० मायक्रोफॅरडचे, ९६०० च्या आसपास भरले आणि त्यांचा अंतर्गत रोध, ज्याला ईएसआर म्हणतात, तोही ठाकठीक. “हे चांगले आहेत. कशाला काढायचे?” एवढंच ते म्हणाले. हे कपॅसिटर खरंच गेले असते तर स्पीकरमधून गुणगुण ऐकू आली असती. ५० हर्ट्झच्या विजेवर ती १०० हर्ट्झची असते, कारण रेक्टिफायर लाटेचे दोन्ही अर्धे भाग वापरतो. माझ्याकडे तशी गुणगुण नव्हती. याउलट हीट सिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाला) खेटून असलेले काही छोटे कपॅसिटर निम्म्यावर आले होते आणि त्यांचा ईएसआर कितीतरी वाढला होता. तेवढेच काढले आणि त्या जागी १०५ अंशांचे, नावाजलेल्या कारखान्याचे साधे औद्योगिक कपॅसिटर घातले. डाव्या चॅनलचा बायस ठरवणारा छोटा ट्रिमपॉटही आतून झिजला होता. तो बदलणं गरजेचंच, कारण असा ट्रिमपॉट चुकीच्या तऱ्हेने तुटला तर काही सर्किटांत बायस वाढत जाऊन आउटपुट ट्रान्झिस्टर जळतात. शेवटी रिले नवा घातला. जुन्याच रिलेचे संपर्क घासून चालवण्याचा पर्याय त्यांनी स्वतःच नाकारला. घासताना वरचा मुलामा जातो आणि काही महिन्यांत तोच त्रास परत येतो. आवाजाच्या खुंटीची खरखर मात्र कॉन्टॅक्ट क्लीनरनेच गेली.

ऑपॲम्पबद्दल मी मुद्दाम विचारलं. अंदाजपत्रकात जी चिप काढायची होती ती एनई५५३२ होती. असंख्य रेकॉर्डिंग स्टुडिओंच्या मिक्सिंग कन्सोलमध्ये हीच चिप डझनांनी असते. आपण ऐकतो ते गाणं आपल्यापर्यंत पोचायच्या आधीच कदाचित तिच्यातून पुन्हा पुन्हा गेलेलं असतं. तिच्या जागी कितीतरी वेगवान चिप बसवली आणि बोर्ड तिच्यासाठी आखलेला नसला, तर ती ऐकू न येणाऱ्या फ्रीक्वेन्सीवर स्वतःच कंप पावू लागते आणि गरम होते. ‘अपग्रेड’ नावाखाली चांगलं उपकरण बिघडवण्याचा हा अगदी सोपा मार्ग आहे.

बायस लावायला घाई केली नाही. ॲम्प तापून स्थिरावू दिला, मग ११ वर आणला, पुन्हा वाट पाहिली, पुन्हा मोजला. शेवटी दोन्ही चॅनल ०.०१ टक्क्याच्या आसपास आले आणि ऑफसेट दोन्हीकडे एकेरी आकड्यात. कामाच्या कागदावर ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन रकाने होते आणि काढलेले सगळे भाग एका पिशवीत घालून परत दिले. बिल अधिकृत अंदाजपत्रकाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकं आलं, आणि त्यातलाही बहुतेक भाग त्यांच्या वेळेचा होता. तो मी आनंदाने दिला. सुटे भाग कुणीही विकत आणू शकतो. कुठला भाग काढायचा नाही हे ज्याला कळतं त्याच्या वेळेला किंमत आहे.

घरी आणल्यावर फरक कळला का? हळू आवाजात, हो, स्पष्ट. डावा चॅनल जागेवर आला, तंबोरा पुन्हा दोन स्पीकरांच्या मधोमध बसला आणि जवारी दोन्हीकडून सारखी यायला लागली. मोठ्या आवाजात मला काहीही फरक वाटला नाही, आणि आकड्यांकडे बघता वाटायला नकोच होता.

मग दुसरा प्रश्न. हाच पैसा आणि त्यावर बराच घालून नवा, खूप वरच्या श्रेणीचा ॲम्प घेतला असता तर? एका मित्राकडे असा ॲम्प आहे, माझ्या ॲम्पच्या कैकपट किमतीचा. तो घेऊन आला. नुसते आळीपाळीने लावून ऐकले तेव्हा आम्हा दोघांनाही त्याचा ॲम्प ‘मोकळा’ आणि ‘भरदार’ वाटला. पण या तुलनेत एक मोठी खोट असते. किंचित मोठा आवाज कानाला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. म्हणून स्पीकरच्या टोकांवर १ किलोहर्ट्झचा टोन लावून व्होल्टेज मोजलं आणि दोन्ही ॲम्प २.०० आणि २.०२ व्होल्टच्या आत आणले. हा फरक ०.१ डेसिबलहून कमी भरतो. त्याच्या ॲम्पची खुंटी सुरुवातीच्या ऐकण्यात जिथे होती तिथे तो दीड डेसिबलने मोठा वाजत होता. स्पीकर बदलणारा स्विच धन आणि ऋण दोन्ही टोकं तोडणारा घेतला, कारण काही ॲम्पचं ऋण टोक जमिनीला जोडलेलं नसतं आणि दोन ॲम्पची ती टोकं एकत्र आली तर नुकसान होतं. स्विच पडद्यामागे, नाणं उडवून कुठला लावायचा ते ठरवणारी तिसरी व्यक्ती, आणि आम्ही समोर कागद-पेन्सिल घेऊन.

आमची दोघांची उत्तरं नाणेफेकीच्या पलीकडे गेली नाहीत. १६ वेळा ओळखायचं असेल तर निदान १२ बरोबर यावी लागतात, तेव्हा कुठे तो निव्वळ योगायोग नसावा असं म्हणता येतं. त्याच्या जवळपासही आम्ही नव्हतो, आणि मित्राने तर आपल्या आवडीची, पाठ असलेली रेकॉर्डिंग निवडली होती. हे काही नवं नाही. १९८७ मध्ये ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकाने स्वस्त रिसीव्हरपासून अतिमहाग ॲम्पपर्यंत अशीच चाचणी घेतली होती. उत्तरं योगायोगाच्याच आसपास राहिली. २००७ मध्ये मायर आणि मोरन यांनी उच्च रिझोल्यूशनच्या डिस्कचा आवाज सीडीच्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या साखळीतून नेऊन श्रोत्यांना फरक ओळखायला सांगितला. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे ४९.८ टक्के. आणि १९९४ मध्ये फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह यांनी दाखवून दिलं की त्याच श्रोत्यांना तेच स्पीकर दिसू दिले की त्यांचे गुण बदलतात. डोळे बंद असताना न दिसणारी मोठी पेटी डोळे उघडल्यावर जास्त चांगली वाजायला लागते.

याचा अर्थ सगळे ॲम्प एकसारखे असा नाही, आणि हे मला ठासून सांगायचं आहे. स्पीकरचा इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा रोध, काही फ्रीक्वेन्सींवर ३ ओहमपर्यंत उतरत असेल तर लेचापेचा ॲम्प तिथे धापा टाकतो. व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स जास्त असतो, त्यामुळे स्पीकरप्रमाणे त्याचा टोनच बदलतो. तो ऐकू येतो आणि कुणाला आवडतोही. पुरेशी ताकद नसलेला ॲम्प मोठ्या ताना-झाल्यांत क्लिप होतो, म्हणजे लाटेची टोकं छाटतो. शिवाय वॉटांचं गणित फसवं असतं. ताकद दुप्पट केली तर ३ डेसिबल वाढतात, आणि आवाज दुप्पट मोठा भासायला सुमारे दहापट ताकद लागते. ८० चा १०० वॉट केला तर १ डेसिबल मिळतो. पण ताकद पुरेशी असेल, गोंगाट नसेल आणि बायस जागेवर असेल, तर त्यापुढच्या पैशाला आवाजात जाऊन बसायला जागा उरत नाही.

केबलचंही तेच. २.५ चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे ७ मिलिओहम. तीन मीटरवरच्या स्पीकरला जाऊन-येऊन ४२ मिलिओहम झाले, ८ ओहमच्या स्पीकरसमोर. एवढ्यावर मी केबलींचा विषय सोडला.

मग मित्राचे पैसे वाया गेले का? त्याच्या ॲम्पचं काम सुरेख आहे, खुंटी फिरवताना हाताला समाधान वाटतं, आणि त्याला ते मोलाचं वाटत असेल तर ते मोल खरं आहे. माझी हरकत एवढ्यावरच आहे की विक्रेता त्याला आवाजाचं नाव देतो. आणि त्याहून गंभीर गोष्ट आम्ही नंतर त्याच्या ॲम्पचं झाकण काढून पाहिली तेव्हा दिसली. इनपुटचा भाग काळ्या इपॉक्सीत ओतून बंद केलेला, चिपवरचे क्रमांक खरवडलेले, आणि सर्किट डायग्राम कंपनी कुणालाच देत नाही. उद्या त्यातला क्षुल्लक रेझिस्टर गेला तरी आख्खा मॉड्यूल कंपनीकडूनच घ्यावा लागणार, तोही कंपनी तो बनवत असेल तोवर. माझ्या जुन्या ॲम्पचा प्रत्येक भाग बोर्डाच्या आरपार पाय असलेला, बाजारात मिळणारा आणि छापील मॅन्युअलमध्ये नाव असलेला आहे. महाग वस्तू घेताना मी आता हे सगळ्यात आधी विचारते: मॅन्युअल मिळतं का, सुटे भाग किती वर्षं देणार, आउटपुट ट्रान्झिस्टर बाजारातले आहेत की फक्त तुमच्याकडचे. या तीन प्रश्नांवर विक्रेता अडखळला तर किंमत कितीही कमी असली तरी ती वस्तू महागच पडते.

ॲम्पवर वाचलेले पैसे आणि वेळ मी स्पीकरांकडे वळवले. चांगल्या ॲम्पचं डिस्टॉर्शन शंभरांश टक्क्यात असतं. वूफरचं, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचं, खालच्या सुरांत एक टक्का सहज होतं. आवाजाचा स्वभाव ठरतो तो स्पीकरात. माझ्या वूफरच्या कडेचा फोम बोट लावताच भुकटी होत होता. पॉलियुरेथेन फोमला हवेतल्या ओलाव्याने हे होतंच, पंधरा-वीस वर्षांत. रबराची कड त्याहून बरीच टिकते. विक्रेते इथे नवे स्पीकर सुचवतात. प्रत्यक्षात नवी कड चिकटवून मिळते आणि तिचा खर्च नव्या जोडीच्या तुलनेत नगण्य असतो. दोन गोष्टींवर मात्र अडून बसावं. कड मूळच्याइतकीच लवचिक हवी, कडक बसवली तर वूफरची रेझोनन्स फ्रीक्वेन्सी वर सरकते आणि बेस आटतो. आणि चिकटवताना व्हॉइस कॉइल (चुंबकात हलणारी तारेची गुंडाळी) बरोबर मध्यावर राहिली पाहिजे, नाहीतर ती चुंबकाला घासत राहते. नंतर ३० हर्ट्झचा मंद टोन लावून कान जवळ नेला की घासण्याचा आवाज लगेच कळतो. क्रॉसओव्हरमधले (वरचे आणि खालचे सूर वेगवेगळ्या स्पीकरांना वाटून देणाऱ्या सर्किटमधले) जुने बायपोलर इलेक्ट्रोलिटिकही त्याच वेळी मोजून बदलले. तबल्याचा बायाँ इतका घट्ट मी या घरात आधी ऐकला नव्हता. पूर्ण प्रकरणात कानाला सर्वांत मोठा फरक इथे पडला.

दुसरा मोठा फरक खोलीने दिला आणि त्याला सर्व्हिसिंग लागलीच नाही. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. चार मीटर लांबीच्या खोलीत पहिली उभी लहर ४३ हर्ट्झच्या आसपास तयार होते. मोजमापाचा साधा मायक्रोफोन आणि ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे मोफत सॉफ्टवेअर वापरून पाहिलं तर माझ्या बसायच्या जागी त्या फ्रीक्वेन्सीला १० डेसिबलचा डोंगर होता आणि थोड्या वर तितकाच खोल खड्डा. ०.०१ टक्क्यावर वाद घालणाऱ्या माणसाने हा आलेख एकदा पाहावाच. खुर्ची मागच्या भिंतीपासून पुढे ओढली, स्पीकर भिंतीपासून थोडे दूर घेतले, कोपऱ्यांत जाड शोषक ठेवले. पातळ फोमचे चौकोन भिंतीला लावून बेसला काही होत नाही. तेवढ्या लांब लहरीला जाडीच लागते. डोंगर निम्म्यावर आला.

यांत्रिक वस्तूंना मात्र ठराविक काळाने सर्व्हिस द्यावीच लागते. टर्नटेबलचा बेल्ट ढिला पडतो, बेअरिंगचं तेल सुकतं, आणि सुई साधारण ५०० ते १००० तासांत झिजते. झिजलेली सुई रेकॉर्डच्या खाचाही खराब करते, आणि ती रेकॉर्ड पुन्हा दुरुस्त होत नाही. सुईवर खर्च टाळून ॲम्पवर खर्च करणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

सीडी प्लेअरच्या बाबतीत मी उलट निर्णय घेतला. त्याचा डिस्क वाचणारा लेझर पिकअप थकत चालला आहे, लेन्स साफ करूनही काही डिस्क अडकतात. त्या बनावटीचा पिकअप आता कारखान्यात बनत नाही. जुना साठा म्हणून मिळतो त्यात वापरलेले किंवा नकली निघतात. तंत्रज्ञांनीही तो बसवून द्यायला नकार दिला. सगळ्या डिस्क संगणकावर बिट-बिट तपासून उतरवून घेतल्या आहेत आणि एका लहानशा, चांगली मोजमापं असलेल्या डीएसीमधून (डिजिटल आकड्यांचा सिग्नल करणाऱ्या पेटीतून) त्या ॲम्पला जातात. प्लेअरवर आणखी खर्च करणार नाही. ॲम्पची पुढची तपासणी पाच वर्षांनी ठरवली आहे. तेव्हा बायस आणि ऑफसेट मोजून घ्यायचा, आणि आकडे जागेवर असतील तर झाकण लावून परत आणायचा.